मुलांच्या खेळाचे छायाचित्र: चौकट कशी धरावी, कुठे कापावी

खेळात रमलेल्या मुलांची छायाचित्रे आज गावोगाव काढली जातात, पण त्यांतील बहुतेकांत मूल दिसते आणि खेळ दिसत नाही. चेहरा जवळून टिपलेला असतो, हसू गोड असते, मागचे सारे धूसर असते. मात्र ते मूल विटीदांडू खेळत होते की घराच्या ओट्यावर नुसते बसले होते, हे त्यावरून कळत नाही. खेळताना मुलाची नजर कशावर तरी खिळलेली असते: हवेतल्या विटीवर, लगोरीच्या ठिकऱ्यांवर, पळत सुटलेल्या भिडूवर. त्या नजरेपासून त्या वस्तूपर्यंत किंवा व्यक्तीपर्यंत जाणारी रेघ म्हणजेच खेळ. ती रेघ चौकटीत अखंड ठेवणे हे उभे राहण्याची जागा निवडण्यापासून शेवटच्या क्रॉपपर्यंत, म्हणजे काढलेल्या फोटोच्या कडा कापण्यापर्यंत, आपले मुख्य काम आहे, असे माझे ठाम मत आहे आणि पुढचे सारे विवेचन याच मताला धरून आहे. साधा मोबाइल आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा असे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवले आहेत. उदाहरणे विदर्भातल्या गावांतली आहेत, कारण काळी जमीन, सपाट शिवार, मे महिन्याचे ऊन आणि तान्हा पोळा व भुलाबाईसारखे सण यांमुळे इथे फोटो काढणाऱ्यापुढचे प्रश्न काहीसे वेगळे असतात.

कॅमेरा काढण्याआधी

गावात मुलांचे फोटो काढायचे असतील तर आधी घरच्यांना विचारावे, आणि शाळेच्या मैदानावर मुख्याध्यापकांना. फोटोचे पुढे काय करणार, म्हणजे स्वतःजवळ ठेवणार, छापून देणार की इंटरनेटवर टाकणार, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगावे. अनेक आयांना पहिल्या दोन गोष्टी चालतात आणि तिसरी चालत नाही. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यावर वाद घालू नये.

परवानगी मिळाली तरी खरी अडचण पुढेच असते. कॅमेरा दिसताच खेळ थांबतो, सगळी मुले रांगेत उभी राहतात आणि "काका, माह्याबी फोटू काढा ना!" असा गलका सुरू होतो. अशा वेळी मुलांना हुसकावू नये आणि "खेळा, खेळा, माझ्याकडे पाहू नका" असेही सांगू नये, कारण सांगून केलेला खेळ फोटोत लगेच ओळखू येतो. प्रत्येकाचा हवा तसा फोटो आधी मनापासून काढावा, पडद्यावर दाखवावा, त्यांच्या नावांची चौकशी करावी आणि मग पारावर किंवा ओट्यावर कॅमेरा मांडीवर घेऊन स्वस्थ बसावे. मुलांना खेळापेक्षा कॅमेऱ्याचे आकर्षण फार वेळ टिकत नाही. कुणीतरी दांडू उचलतो, कुणाचा तरी डाव राहिलेला असतो, आणि खेळ आपोआप पूर्ववत सुरू होतो. फोनमध्ये शटरचा आवाज बंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी. फ्लॅश मात्र कधीही वापरू नये.

या बाबतीत विदर्भाच्या मातीतच एक मोठा दाखला आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहून महात्मा गांधींची छायाचित्रे काढणारे, नात्याने त्यांचे नातू लागणारे कनू गांधी यांना परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला फोटोसाठी बसायला किंवा उभे राहायला सांगायचे नाही, आणि या कामाचा खर्च आश्रम करणार नाही. त्यांच्या हाती रोलायफ्लेक्स होता. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरून वरून काचेत पाहायचे असते, त्यामुळे फोटो काढणाऱ्याचा चेहरा झाकला जात नाही आणि लेन्सही उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा बरीच खाली राहते. मुलांचे फोटो काढणाऱ्याने पहिल्या दोन अटी जशाच्या तशा स्वीकाराव्यात. कॅमेरा पोटाशी धरण्याची सवयही फार उपयोगी पडते. ज्यांच्या कॅमेऱ्याचा पडदा वर वळतो त्यांनी तो वळवून, आणि मोबाइलवाल्यांनी फोन छातीखाली धरून, ही सवय अंगी बाणवावी.

उंची आणि क्षितिज

मुलांच्या फोटोत कॅमेरा मुलांच्या उंचीवर आणावा, हे सर्वांनी ऐकलेले असते. सपाट शिवारात मात्र एवढे पुरत नाही. मोकळ्या सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ फोटोत नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. म्हणजे तुम्ही लेन्स मुलाच्या गळ्याच्या उंचीवर धरली तर क्षितिज त्याच्या गळ्यातून जाईल, आणि त्याच उंचीचा दुसरा मुलगा वावराच्या पार टोकाला उभा असला तरी त्याच्याही गळ्यातूनच जाईल. डोके आणि धड यांच्यामध्ये अशी आडवी रेघ आली की आकृती दुभंगते आणि कितीही चांगला क्षण असला तरी डोळा त्या रेघेवर अडखळतो. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या कपाशीच्या सपाट पट्ट्यात हे सतत घडते.

यावर दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे गुडघ्याच्या किंवा त्याहून खालच्या उंचीवर जाणे; मग क्षितिज मुलांच्या पायांमागे राहते, आणि हात, डोके, उडालेली विटी हे सारे आकाशावर स्वच्छ उमटते. उडी, टोला, झेल अशा वर जाणाऱ्या हालचालींसाठी हाच मार्ग योग्य. फोन उलटा करून, म्हणजे लेन्स जमिनीकडच्या बाजूला येईल असा धरला की लेन्स मातीपासून अवघ्या काही बोटांवर नेता येते. दुसरा मार्ग उंच जाण्याचा आहे. बंडीवर, ओट्यावर, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर उभे राहिले की क्षितिज मुलांच्या डोक्यांवर जाते आणि मुले पूर्णपणे जमिनीच्या पार्श्वभूमीवर येतात. गोट्यांचा डाव वरूनच चांगला दिसतो: आखलेले रिंगण, त्याभोवती टेकलेले गुडघे, एकत्र आलेली डोकी आणि नेम धरलेले एक बोट. मधली उंची गावात, घरांच्या भिंती मागे असताना चालते, कारण तिथे क्षितिज झाकलेले असते.

पार्श्वभूमी आधी ठरवावी आणि मूल तिथे येण्याची वाट पाहावी. धावणाऱ्या मुलाच्या मागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्याच्या फोटोत मागे विजेचा खांब, उभी मोटारसायकल आणि वाळत घातलेले कपडे हमखास येतात. त्याऐवजी मातीची सलग भिंत, तुराट्यांचे कुंपण, कवेलूंच्या उतरत्या छपराखालची सावली किंवा कुटाराचा ढीग अशी एकच साधी गोष्ट मागे येईल अशी जागा धरावी, चौकटीचे चारही कोपरे निवांत तपासून घ्यावेत आणि खेळ तिकडे सरकेपर्यंत थांबावे. खेळाला ठरलेल्या वाटा असतात. लगोरी फोडणारा कुठून चेंडू मारतो आणि फुटल्यावर भिडू कोणत्या बाजूला पांगतात, हे दोन-तीन डाव नुसते पाहिले तरी कळते.

उजेड

नागपूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर येते, आणि अशा उन्हात मुलांना उघड्यावर खेळायला लावणे तसेही योग्य नाही. त्या दिवसांत मुले दुपारी लिंबाखाली किंवा चिंचेखाली असतात. झाडाखाली पानांमधून गळणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडले तर ते कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाहीत. म्हणून जिथे सावली दाट आहे तिथल्याच मुलांवर लक्ष ठेवावे, आणि मागे उन्हातली झळझळीत जमीन येणार नाही असा कोन घ्यावा. घराच्या ओसरीवरचा उजेड त्याहून चांगला असतो, कारण तो समोरच्या मोकळ्या आकाशातून चेहऱ्यावर सौम्यपणे येतो. मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उन्हे कलल्यावर खेळ आणि उजेड दोन्ही भरपूर मिळतात. डिसेंबरात मात्र तो साडेपाचनंतर थोड्याच वेळात मावळतो. शाळा सुटून मुले मैदानात येईपर्यंत उजेड संपत आलेला असतो, म्हणून हिवाळ्यात सुट्टीच्या दिवसाची सकाळ धरावी.

काळ्या मातीबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही माती उजेड शोषून घेते, परत फेकत नाही. त्यामुळे नांगरलेल्या वावरात मुलांच्या चेहऱ्याचा खालचा भाग आणि डोळे गडद राहतात, तर धुळीच्या पांढुरक्या रस्त्यावर किंवा चुन्याने रंगवलेल्या भिंतीजवळ तेच चेहरे उजळ दिसतात. दुसरी गोष्ट एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याची आहे. समोर जे असेल ते सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून कॅमेरा उजेडाचे माप घेतो. चौकटीचा मोठा भाग काळ्या मातीने भरला तर तो फोटो नको इतका उजळ करतो आणि चेहऱ्यांवरची छटा उडून जाते. तेव्हा एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट). घरात साठवलेल्या कापसाच्या ढिगावर मुले उड्या मारत असतील तर नेमके उलटे घडते: पांढऱ्या कापसामुळे कॅमेरा फोटो अंधारा करतो आणि एक्स्पोजर एक स्टॉप वाढवावे लागते. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवले की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो, आणि मग बोट वर किंवा खाली सरकवून उजेड बदलता येतो.

क्षण कसा धरावा

हालचाल गोठवायची असेल तर शटर स्पीड, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते, हाती असली पाहिजे. साध्या धावण्याला एक सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. विटीचा टोला, झाडावरून उडी, लगोरीवर बसलेला चेंडू यांना हजारावा भाग किंवा त्याहूनही वेगवान शटर लागते. उजेड कमी पडल्यास आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) बेलाशक वाढवावा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, पण हललेला चेहरा दुरुस्त होत नाही. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर शटर स्वतः ठरवावे, नसेल तर भरपूर उजेडाची जागा शोधावी आणि बर्स्ट (एकामागोमाग भराभर फोटो घेण्याची सोय) वापरावा. बर्स्ट म्हणजे बटण दाबून धरणे, इतकेच नव्हे. हालचाल सुरू होण्याच्या किंचित आधी तो सुरू करावा लागतो, कारण आपण पाहून बोट दाबेपर्यंत क्षण निघून गेलेला असतो.

विटीदांडू जरा बारकाईने पाहू. खळग्यावर आडवी ठेवलेली विटी कोलताना खेळणारा कमरेत वाकलेला असतो आणि त्याची नजर जमिनीवर असते. हा क्षण शांत आहे, पण समोर झेलायला उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे त्याच वेळी सर्वांत ताणलेले असतात. पुढे टोला मारताना विटीच्या टोकावर हलका ठोका बसतो, विटी हवेत उडते, आणि दांडू मागे खेचलेला असताना क्षणभर विटी, दांडू आणि डोळे यांचा त्रिकोण तयार होतो. खरा फोटो तिथे आहे. टोला बसल्यानंतर विटी चौकटीबाहेर गेलेली असते आणि हाती उरतो तो केवळ हात फिरवलेला मुलगा. या त्रिकोणासाठी चौकट उभी धरावी आणि वर मोकळी जागा सोडावी. झेलणारी मुलेही हवी असतील तर चौकट आडवी धरून खेळणारा एका कडेला ठेवावा, म्हणजे विटी ज्या दिशेने जाणार ती बाजू मोकळी राहते. दांडूच्या समोर मात्र कधीही बसू नये. खेळणाऱ्याच्या बाजूला, दांडूच्या पल्ल्याबाहेर राहावे. विटीने डोळ्याला होणारी इजा गंभीर असते, आणि आपण समोर बसल्यास मूल बिचकून खेळते हेही खरेच.

लगोरीत फोकस आधीच ठिकऱ्यांच्या ढिगावर पक्का करून ठेवावा. चेंडू लागण्याचा क्षण सर्वांनाच आकर्षक वाटतो. मला मात्र ढीग पुन्हा रचतानाचा क्षण अधिक बोलका वाटतो, कारण रचणाऱ्याचे हात ठिकऱ्यांवर असतात आणि डोळे चेंडूवाल्यावर, म्हणजे एकाच मुलात दोन रेघा दिसतात. काठीने टायर पळवणारे मूल टिपायचे असेल तर पांदणीच्या कडेला, त्याच्या वाटेशी काटकोनात उभे राहावे, शटर एक सेकंदाच्या तिसाव्या ते साठाव्या भागावर ठेवावे आणि मूल समोरून जाताना कमरेतून वळत कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवावा. चेहरा स्थिर येतो आणि कुंपण आडव्या रेघांत विरघळते. यात बरेच फोटो वाया जातात आणि तसे जाऊ द्यावेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा म्हणजे अशा छायाचित्रांची मोठी संधी असते. सजवलेले लाकडी नंदी घेऊन मुले रांगेत उभी असतात तेव्हा आई-वडील, आजी-आजोबा सगळेच समोरून फोटो काढत असतात आणि मुले त्यांच्याकडे पाहत असतात. आपण रांगेच्या कडेला, नंदीच्या चाकांच्या उंचीवर बसावे. कुणी सुटलेली झूल पुन्हा बांधतो, कुणी शेजाऱ्याच्या नंदीची शिंगे आपल्या नंदीशी ताडून पाहतो, कुणाचे चाक अडते. पुढे बोजारा (नंदी घेऊन आलेल्या मुलांना मिळणारे पैसे किंवा खाऊ) मागायला घरोघर जाताना तर मुले कॅमेरा विसरलेलीच असतात. दारात उभी असलेली आजी, तिने पुढे केलेला हात आणि खाली नंदीची दोरी घट्ट धरलेली मूठ हे तिन्ही एका चौकटीत आले पाहिजेत. श्रावण-भाद्रपदाचे ढगाळ आकाश असल्याने उजेडही मऊ असतो.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईत प्रश्न वेगळा असतो, कारण मुली संध्याकाळनंतर घराघरांत, बल्बच्या उजेडात जमतात. गाणी संपल्यावर झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखण्याचा जो खेळ होतो, त्यात सगळ्या नजरा एका डब्यावर एकवटतात. डबा चौकटीत ठेवा, मग चेहरे आपोआप रचले जातात. आयएसओ 1600 ते 3200 ठेवावा. आपल्याकडच्या विजेवर काही एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोवर काळपट पट्टे उमटतात. असे झाल्यास शटर एक सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणावे. गाणाऱ्या, बसलेल्या मुलींना एवढे शटर पुरते.

मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. तिने जवळून काढलेल्या फोटोत कडेला आलेले चेहरे ताणले जातात, म्हणून चेहरे कोपऱ्यात येऊ देऊ नयेत. बोटांनी पडदा ताणून झूम करण्याची सवयही सोडावी, कारण फोनमध्ये वेगळी टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारी) लेन्स नसेल तर हा झूम म्हणजे घाईत केलेला क्रॉपच असतो आणि बाहेर गेलेला भाग पुन्हा मिळत नाही.

क्रॉप

फोटो काढताना चारही बाजूंना थोडी जागा जास्त सोडावी. मुले अनपेक्षितपणे हात उंचावतात, विटी वर जाते, आणि फोटो सरळ करताना कडा खर्ची पडतात. ही सोडलेली जागा नंतर कापण्यासाठीच आहे, मात्र किती कापायचे याला गणिताची मर्यादा असते. 24 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली तर 3000 बाय 2000, म्हणजे एक चतुर्थांश, म्हणजे 6 मेगापिक्सेल उरतात. इंचाला 300 पिक्सेल या चांगल्या छपाईच्या हिशेबाने त्यातून 10 इंच रुंद प्रत निघते. मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 असतो. तो तितकाच कापला तर 2000 बाय 1500 उरतो आणि जेमतेम साडेसहा इंचाची प्रत मिळते. फोनवर 50 मेगापिक्सेल लिहिलेले असले तरी नेहमीच्या मोडमध्ये बहुतेक फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, हेही हिशेबात धरावे. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली प्रत आधीच आकुंचित झालेली असते, म्हणून क्रॉप नेहमी मूळ फाइलवर करावा आणि दुसऱ्याकडून मागवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

प्रथम फोटोची नक्कल करून मूळ फाइल बाजूला ठेवावी. मग तो सरळ करावा, कारण सरळ करताना कोपरे जातात आणि आधी क्रॉप केला असेल तर नेमका हवा असलेला पाय किंवा चेंडू त्यात निघून जातो. त्यानंतर लगेच कापायला घेऊ नये. नजरेची रेघ कुठून कुठे जाते ते शोधावे आणि तिची दोन्ही टोके आत ठेवून कडा बाहेरून आत आणत जाव्यात. चेहऱ्यापासून सुरुवात करून चौकट बाहेर वाढवणारा माणूस जवळजवळ नेहमीच फार घट्ट कापतो. छापील फोटोवर सराव करायचा असेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे दोन तुकडे कापून घ्यावेत आणि ते फोटोवर समोरासमोर ठेवून सरकवत पाहावे. हाताने सरकवलेली कडा पडद्यावरच्या कडेपेक्षा अधिक शिकवते.

कड कुठे लावावी याचे काही पक्के संकेत आहेत. मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यावर शरीर कापू नये. कापणे भागच असेल तर मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापावे. खेळाच्या फोटोत मात्र पाय शक्यतो कापूच नयेत, कारण अनवाणी, धुळीने माखलेले, जमिनीवरून नुकतेच सुटलेले पाय अनेकदा चेहऱ्याइतकेच बोलतात. मूल हवेत असेल तर त्याच्या पायांखालची जमीन आणि त्यावरची सावली ठेवावी. जमीन कापली की उडीची उंची कळत नाही. धावणाऱ्याच्या पुढे मागच्यापेक्षा अधिक जागा असावी. याला एकच अपवाद मी मानतो: पाठलागाच्या फोटोत मागून येणारा महत्त्वाचा असल्याने मागची जागा राखावी लागते.

सर्वांत जास्त चूक होते ती कडेच्या मुलांबाबत. मुख्य खेळाडू ठळक दिसावा म्हणून आपण कडेला उभ्या असलेल्या लहानग्याला कापून टाकतो. तो बहुधा कच्चं लिंबू असतो: खेळात आहे, पण बाद होत नाही, डाव त्याच्यावर येत नाही, आणि त्याचे सारे लक्ष मोठ्यांकडे असते. त्याच्या नजरेने खेळाची दुसरी बाजू दाखवलेली असते. असे मूल चौकटीत पूर्ण ठेवावे किंवा पूर्ण काढावे. अर्धा चेहरा, एकटा कान किंवा कुणाचा नुसता हात कडेला लोंबत ठेवू नये. काढायचे की ठेवायचे, याची कसोटी सोपी आहे: त्याच्यावर बोट ठेवून फोटो पाहावा. खेळ तितकाच कळत असेल तर कापावे, आणि काहीतरी हरवल्यासारखे वाटले तर ठेवावे.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार क्रॉप करण्याच्या विरोधात म्हणून ओळखले जातात. पण पॅरिसच्या सेंट लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे त्यांचे 1932 मधले जगप्रसिद्ध छायाचित्र कापलेले आहे, कारण ते कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढले होते आणि एका बाजूला फळी आडवी आली होती. क्रॉपचा योग्य उपयोग कोणता हे यातून कळते. त्या माणसाची टाच पाण्याला टेकण्याआधीचा क्षण त्यांनी जागेवरच पकडला होता. क्रॉपने फक्त अडथळा दूर केला. आपल्याकडे कुंपणाच्या काट्या, कुणाचा खांदा, रस्त्यावरची पिशवी हे अडथळे अवश्य कापावेत. चुकलेला क्षण मात्र कितीही कापला तरी हाती लागत नाही, असा फोटो सोडून द्यावा.

क्रॉपने अर्थही बदलतो, आणि याची जबाबदारी आपली आहे. दोन मुले हसत झोंबाझोंबी करत असतील आणि एकाचाच आवळलेला चेहरा ठेवला तर ते भांडण वाटते. फाटक्या सदऱ्यावर घट्ट क्रॉप केला तर खेळात राजा असलेले मूल कीव करण्याचा विषय बनते. ग्रामीण मुलांचे असे फोटो पुष्कळ फिरतात आणि ते मला अन्यायकारक वाटतात. बोडीत (लहान तळ्यात) किंवा तलावात उघड्या अंगाने पोहणाऱ्या मुलांचे फोटो घरच्यांना दिले तरी सार्वजनिक करू नयेत. इंटरनेटवर टाकायच्या फोटोतून शाळेचे नाव असलेला बिल्ला, घरावरची पाटी, गाडीचा क्रमांक कापून टाकावा आणि फाइलमध्ये नोंदले गेलेले ठिकाण शेअर करण्यापूर्वी काढावे. ही सोय आज बहुतेक फोनमध्ये असते.

आकाराबद्दल थोडक्यात. आडव्या पळापळीला 3:2 किंवा 16:9 शोभते, उडीला आणि झाडावरच्या खेळाला उभा 4:5, आणि रिंगण करून बसलेल्या मुलांना चौरस. एका मालिकेतले सगळे फोटो शक्यतो एकाच प्रमाणात ठेवावेत.

प्रत छापताना

ज्या मुलांचे फोटो काढले त्यांच्या घरी छापील प्रत पोचवावी, असा माझा आग्रह आहे. तालुक्याच्या स्टुडिओत 4 बाय 6 इंचाची प्रत सर्वांत सहज मिळते, आणि तिथेच एक शेवटचा क्रॉप आपल्या नकळत होतो. मोबाइलचा फोटो 4:3 या प्रमाणात असतो आणि 4 बाय 6 चा कागद 3:2 या प्रमाणात. त्यामुळे 4000 बाय 3000 चा आडवा फोटो कागदभर छापताना वर-खालचे मिळून 333 पिक्सेल, म्हणजे उंचीचा नववा भाग, यंत्र कापून टाकते. हवेतली विटी किंवा मुलाचे पाय नेमके त्या पट्टीत असतात. म्हणून छापायला देण्याआधी स्वतःच 3:2 मध्ये क्रॉप करून द्यावा. ज्या फोटोत वरचे किंवा खालचे काहीही कापणे शक्य नाही, तो पांढरी किनार ठेवून पूर्ण छापायला सांगावे. पेनड्राइव्हवर मूळ आकाराची फाइल न्यावी आणि पहिली एक प्रत पाहून मगच बाकीच्या छापून घ्याव्यात.